आकडे उशिरा का येतात?

कवितेच्या माणसाने संगणकाच्या अहवालांवर बोलणे जरा आगाऊच. पण माझी भाची अंधेरीतल्या एका कंपनीत औषधांच्या साठ्याचे अहवाल ‘पॉवर बीआय’वर सांभाळते. सकाळी आकडे ताजे झाले नाहीत, तर कुठल्या गोदामात कोणते औषध संपले हे कळत नाही. गाडी कालच्याच हिशेबाने निघते. साध्या परवान्यात हे काम दोन तासांत उरकले नाही, तर मध्येच तुटते.

वरिष्ठांना मोठा सर्व्हर हवा होता. ती म्हणाली, “सर, आधी वेळ कुठे जातो ते बघू.” बघितले, तर रोज रात्री पाच वर्षांची सगळी बिले नव्याने ओढली जात होती! त्यातून मध्येच कुणी अशी पायरी घातलेली, की चाळणी मूळ डेटाबेसमध्ये लागतच नव्हती. “मामू, किलोभर तांदळासाठी अख्खे पोते घरी आणून निवडत होतो आम्ही.” तिने चाळणी त्या पायरीच्या आधी लावली, बिनकामाचे रकाने काढले आणि शेवटचे दहा दिवस तेवढे ताजे होतील असे केले. ही सोय साध्या परवान्यालाही २०२० पासून आहे.

अडचण एकच. महिन्यापूर्वीचे बिल कुणी दुरुस्त केले, तर अहवालाला त्याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी अधूनमधून सगळे पुन्हा चढवावे लागते, आणि तो दिवस बहुधा रविवार असतो.