माशांच्या टाकीखालचा टब

आम्ही अँटॉप हिलच्या बचत गटातल्या जणी. संप म्हटलं की मुंबईत १९८२ चा गिरणी संप आठवतो. आमचा ‘सम्प’ वेगळा. शोभेच्या माशांच्या टाकीखाली ठेवलेला, पाणी गाळणारा टब म्हणजे सम्प.

टाकीच्या वरच्या भोकातून ओसंडणारं पाणी पाइपाने टबात उतरतं. स्पंज कचरा अडवतो. पुढे सिरॅमिकच्या कड्यांवर वाढलेले जिवाणू विषारी अमोनियाचं कमी घातक नायट्रेट करतात. मग पंप पाणी वर चढवतो.

खरी परीक्षा वीज गेल्यावर, आणि गावाकडे त्याचं नवल नाही. पंप थांबतो, वरचं पाणी उतरतच राहतं. तीन फूट लांब, एक फूट रुंद टाकीतलं एक इंच पाणी म्हणजे सुमारे ७ लिटर! टब सांडला तर अंथरुणं भिजतात, प्लगबोर्डात पाणी गेलं तर जिवाला धोका.

म्हणून चढत्या पाइपाला टाकीतल्या पाण्याच्या जरा खाली बारीक भोक पाडा. हवा शिरली की उलटा ओघ तुटतो. मासे सोडण्याआधी प्लग काढून बघा. टब सांडत असेल तर पाणी कमी करा. मग पंप चालू करून टबातल्या पाण्याशी रेघ मारा. त्या रेघेवर पाणी कधी भरू नका. जिवाणू जमायला महिनाभर लागतो, तेव्हा मासे थोडे थोडेच सोडा.