शास्त्राची जाहीर व्याख्याने व कष्टकरी लोक

(एका खेड्यातील वाचनालयात मराठी शाळेच्या शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आपल्या गावी कीर्तन होते, भारूड होते, तमाशाचा फड लागतो, निवडणुकीच्या सभा होतात. ते ऐकावयास आपण घोंगडी अंथरून मध्यरात्रीपर्यंत बसतो. तेव्हा आपल्या लोकांना ऐकण्याचा कंटाळा आहे असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. परंतु जमिनीखालचे पाणी, बियाणे, रोगाचे जंतू, आकाशातील तारे यांविषयी शास्त्रज्ञ आज काय शोधीत आहेत, हे सांगणारी व्याख्याने आपल्या गावात किती झाली? बोटांवर मोजू गेल्यास एक बोटही पुरून उरेल. ते काम शिकलेल्यांचे, आपले नव्हे, अशी समजूत करून आपण स्वस्थ बसतो. ही समजूत कोठून आली व ती आपण का टाकून द्यावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. त्यासाठी मी तुम्हांस प्रथम विलायतेतील एका जिन्याची गोष्ट सांगतो.

लंडन शहरी १७९९ साली 'रॉयल इन्स्टिट्यूशन' नावाची संस्था निघाली. नव्या शोधांचा व उपयुक्त यंत्रांचा लोकांत प्रसार करावा, हा तिचा हेतू. तिच्यासाठी अर्धगोल व्याख्यानगृह बांधले. खाली पैसेवाल्यांच्या बैठका आणि वर एक सज्जा. तो सज्जा कारागिरांसाठी योजलेला होता. सुतार-लोहारांनी रस्त्यावरून थेट वर यावे म्हणून तेथील शिल्पकार टॉमस वेब्स्टर याने निराळा दगडी जिनाही योजला. मोठ्या लोकांच्या अंगास मळके कपडे लागू नयेत म्हणून वाट निराळी, हे उघड आहे. तरी पण वाट होती! पुढे तीही थोरामोठ्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. हलक्या वर्गास शास्त्र शिकविणे राज्याला धोक्याचे आहे असे ठरले, कारागिरांच्या शिक्षणाची योजना बारगळली आणि तो जिना पाडण्यात आला.

मंडळी, ज्ञान कोणी कोणाच्या डोक्यातून काढून घेऊ शकत नाही. म्हणून जिना पाडतात. आपल्या देशात हा जिना किती शतके पाडलेला होता, हे तुम्हांस मी वेगळे सांगावयास नको.

आता पुढचे ऐका. त्याच लंडनमध्ये जेम्स फॅरडे नावाचा एक लोहार राहत असे. प्रकृती खंगलेली, घरात चार लेकरे. अन्नाची इतकी ओढ, की एका मुलाला एक पाव आठवडाभर पुरवावा लागे. त्या मुलाचे नाव मायकेल, जन्म १७९१ सालचा. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. १८०५ साली तो एका पुस्तकविक्याच्या दुकानी पुस्तके बांधण्याचे काम शिकण्यास सात वर्षांच्या करारावर राहिला. बांधावयास येणारी पुस्तके तो रात्री वाचून काढी. गावात एका गृहस्थाच्या घरी शास्त्राची व्याख्याने होत, त्यांस एक शिलिंग फी असे. ती फी त्याच्या थोरल्या भावाने भरली. हा भाऊही ऐरणीवर घाव घालणारा लोहारच. भावाच्या घामाच्या शिलिंगावर मायकेल विजेचे पहिले धडे ऐकू लागला.

१८१२ साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेल गेला आणि वरच्या सज्जात घड्याळाच्या वर बसला. ज्या सज्जाकडे जाणारी कारागिरांची वाट बंद केली होती, तेथे एक लोहाराचा पोर दुसऱ्याच्या तिकिटावर पोहोचला! त्याने प्रत्येक व्याख्यानाचे टिपण केले, घरी येऊन ते शाईने उतरविले, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्याचे पुस्तक बांधले आणि नोकरीच्या अर्जाबरोबर डेव्हीसाहेबांकडे धाडले. १८१३ च्या मार्चपासून तो तेथे आठवड्यास पंचवीस शिलिंगांवर प्रयोगशाळेचा मदतनीस झाला. काम बाटल्या धुण्याचे, उपकरणे मांडण्याचे.

याच मदतनिसाने १८३१ साली तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर सरकवून वीज उत्पन्न करून दाखविली. आज कोयनेच्या पाण्यावर फिरणारे जनित्र काय, सायकलचा डायनामो काय, सर्वांच्या पोटात तेच तत्त्व आहे. तुमच्या विहिरीवरील मोटार ज्या विजेवर चालते, तिचे मूळ त्या वेटोळ्यात आहे. एक तरुण एका व्याख्यानास पोहोचला, त्याचे हे फळ आहे. आणि जे हजारो त्या जिन्याअभावी पोहोचलेच नाहीत, त्यांतून काय निपजले असते, याचा हिशोब कोणी मांडावा?

स्वतः वर चढल्यावर फॅरडेने मागच्यांसाठी वाट केली. त्याच्या पुढाकाराने १८२५-२६ च्या सुमारास संस्थेत शुक्रवारची संध्याकाळची व्याख्याने सुरू झाली. त्यांत संशोधकाने आपला ताजा शोध शास्त्रज्ञ नसलेल्या माणसांपुढे मांडावयाचा, अशी रीत पडली. १८९७ च्या जानेवारीत आपल्या बंगालचे जगदीशचंद्र बोस यांनी तेथेच विजेच्या लहरींवरील आपले संशोधन सांगितले, आणि त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी जे. जे. टॉमसन यांनी अणूहूनही पुष्कळ लहान अशा कणाची वार्ता तेथेच दिली. त्यालाच आज इलेक्ट्रॉन म्हणतात. तुमच्या खिशातील मोबाईल त्याच्याच जिवावर चालतो.

१८२५ साली मुलामुलींसाठी नाताळची व्याख्याने निघाली. दुसऱ्या महायुद्धातील काही वर्षे वगळता ती आजतागायत चालू आहेत. त्यांतील एकोणीस मालिका एकट्या फॅरडेने दिल्या. भरभर बोलण्याची खोड जावी म्हणून तो समोर 'सावकाश' असे लिहिलेली पाटी ठेवून घेई. त्याची सर्वांत नावाजलेली व्याख्याने एका साध्या मेणबत्तीवर होती. ज्योतीवर बर्फ व मीठ घातलेले थंडगार भांडे धरले, की भांड्याच्या बुडाला पाण्याचा थेंब जमतो. आगीतून पाणी! मग तो दाखवी की मेणबत्ती हवेतील प्राणवायू घेऊन कार्बनचा वायू सोडते, आपल्या देहातही श्वासाने तेच होते, आणि आपण सोडलेल्या वायूवरच झाडे वाढतात. घरातील दिव्यापासून निघून शेतातील पिकापर्यंत नेणारे हे शास्त्र. यात कोणता शब्द असा आहे की जो आपल्या आजीला कळणार नाही? आज संध्याकाळी देवापुढील दिव्यावर थंड वाटी क्षणभर धरा व बुडाशी धरलेला दमटपणा स्वतः पाहा.

तथापि अशा व्याख्यानाचा खरा लाभ नुसत्या माहितीत नाही. १८५३ साली विलायतेत एक वेड पसरले होते. माणसे टेबलाभोवती हात टेकून बसत, टेबल आपोआप फिरे, आणि भुताने किंवा विजेने फिरविले असे लोक म्हणत. फॅरडेने पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट लेपाने एकावर एक बसविले व ते टेबल आणि हात यांच्यामध्ये ठेवले. टेबल जर हातांना ओढीत असेल तर खालचा थर आधी सरकावा. हात टेबलाला ढकलीत असतील तर वरचा आधी सरकावा. झाले काय? वरचा आधी सरकला. पुढे त्याने हात किंचित सरकला तरी हलेल असा काटा लावला. तो काटा डोळ्यांपुढे ठेवताच टेबल फिरावयाचे थांबले. बसलेली माणसे लबाड नव्हती. आपलेच हात नकळत ढकलतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. दुसऱ्या वर्षी फॅरडेने याच विषयावर, मनुष्याने आपल्या मनाला कसे वळण लावावे यावर, जाहीर व्याख्यान दिले.

आता ही गोष्ट आपल्या शिवारात आणा. बोअर घेण्यापूर्वी आपण पाणाड्याला बोलावितो. त्याच्या तळहातावरील आडवा नारळ उभा राहतो, किंवा हातातील दुबेळक्याची काठी वळते. मी त्याला लबाड म्हणत नाही. पण अधांतरी तोललेल्या वस्तूला हाताचा केसाएवढा कल पुरतो. मग फॅरडेची रीत चालवा. त्याने सांगितलेल्या जागांची गुपचूप नोंद करा. नंतर डोळे बांधून त्याला दुसऱ्या बाजूने त्याच शेतातून फिरवा. त्याच जागी नारळ उभा राहतो काय, ते पाहा. आणखी एक करा. ज्याला पाणी लागले तो गावभर सांगतो, ज्याची बोअर कोरडी गेली तो गप्प बसतो. म्हणून दोघांचीही वही ठेवा. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून व झिजलेल्या, सच्छिद्र थरांतून साठते. कोठे ना कोठे ते लागणारच. म्हणून एका यशावरून विद्या सिद्ध होत नाही. कर्ज काढून घातलेली बोअर कोरडी गेली म्हणजे घराची काय दशा होते, ते या गावाला माहीत आहे. ज्याला हा प्रयोग सुचला त्याचे व्याख्यान आपण ऐकले असते, तर त्यांतील कित्येक घरे सावध झाली असती.

कोणी म्हणेल, मास्तर, ही विलायतेची कहाणी झाली. नाही. मुंबईत मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून शास्त्राचा प्रसार करीत आली आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या मंडळींनी २००९ साली चहाचा पेला हाती घेऊन शास्त्र बोलण्याची रविवारची बैठक मुंबईत सुरू केली. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर २०२५ साली वारले. विश्वाच्या उत्पत्तीवर जगाशी वाद घालणारा हा माणूस शाळेच्या पोरांशी मराठीत बोले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलास ते सांगत की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. याला म्हणतात जिना बांधणे. पण या बैठका बहुतेक शहरात आहेत. गावाकडचा जिना आपणच बांधावयाचा आहे.

तो बांधणे अवघड नाही. राज्यात राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत, जिल्ह्यांतून कृषी विज्ञान केंद्रे आहेत, भूजल सर्वेक्षणाचे सरकारी खाते आहे. हे सर्व आपल्या करातून चालते. काडेपेटीपासून डिझेलपर्यंत आपण कर भरतो. तेव्हा त्यांना बोलाविणे ही भीक नव्हे, तो आपला हक्क आहे. महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा. वक्त्यास चार अटी घाला. मराठीत बोलावे. प्रयोग किंवा वस्तू दाखवावी. हे तुम्हांस कसे कळले, आणि किती वेळा फसले, तेही सांगावे. आणि अर्धा वेळ प्रश्नांना द्यावा.

त्यात एक सावधगिरी ठेवा. गाडीवर कर्णा लावून खते, औषधे, बियाणे विकावयास येणाराही शास्त्राचेच नाव घेतो. ओळख सोपी आहे. ज्याला प्रश्न विचारला की राग येतो, आणि जो व्याख्यान संपताच पावतीपुस्तक काढतो, तो शास्त्र सांगावयास आलेला नाही.

आणि शेवटची विनंती मायभगिनींना. पुरुष पुढे व तुम्ही दाराआड, असे या सभेत नको. बियाणे निवडता तुम्ही, पाणी भरता तुम्ही, आजारी लेकराजवळ रात्र काढता तुम्ही. तुमचे प्रश्न अधिक खरे आहेत. मुलींना पुढच्या रांगेत बसवा आणि त्यांच्या हाती वही-पेन्सिल द्या.

लोहार भावाने शिलिंग दिला, गिऱ्हाइकाने तिकीट दिले आणि मुलाने टिपण केले. या तीन साध्या कामांतून जगाला वीज मिळाली. या तिन्हींपैकी एकही काम असे नाही, जे आपल्या गावाला करता येणार नाही.  आता प्रश्न विचारा.