लिनक्स : मोफत प्रणाली आणि जाणकाराचा हात



चाळीसगावपासून अदमासे १८ किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ राजांनी त्यास दान दिले, असे इ. स. १२०७ चा तो लेख सांगतो. ग्रंथ उपलब्ध होतेच. तरीही ते शिकविण्याची तरतूद स्वतंत्रपणे करावी लागली.

संगणकाच्या लिनक्स या प्रणालीलाही हेच लागू पडते. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने १९९१ मध्ये तिचा गाभा रचला. ती विनामूल्य मिळते आणि तिची संहिता कोणासही पाहता व बदलता येते. सी-डॅकने २००७ मध्ये तिच्यावर आधारलेली 'बॉस' ही भारतीय आवृत्ती सादर केली. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नवी विंडोज ज्यांवर चालत नाही, असे शाळांतील जुने संगणक लिनक्समुळे वापरात राहू शकतात.

खरी अडचण येते ती सॉफ्टवेअर बसविताना. एक सॉफ्टवेअर दुसऱ्यावर आणि दुसरे तिसऱ्यावर अवलंबून असते. त्यांतील एकाची आवृत्ती जुळली नाही, की काम थांबते. डेबियनसाठी बांधलेला संच रेड हॅटच्या परिवारातील प्रणालीवर तसाच बसत नाही. डेबियनच्या २०२३ मधील आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक संच आहेत. 'ॲप्ट' ही व्यवस्था त्यांतून हवे ते सर्व भाग आपण होऊन आणते. परंतु त्यासाठी इंटरनेट हवे. जेथे ते नाही, तेथे शिक्षकाने पेनड्राइव्हवर एक भाग आणावा, तर संगणक दुसरा मागतो. कोठे प्रिंटर चालत नाही म्हणून दाखले अडतात. कोठे युनिकोडपूर्व टंकातील जुनी मराठी पत्रे उघडली असता निरर्थक चिन्हे दिसतात. अखेर संगणकावर कापड पडते आणि दोष शिक्षकाच्या माथी येतो.

केरळने २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा उपक्रम हाती घेतला. पुढे तेथील शाळांसाठी आवश्यक सॉफ्टवेअर आधीच समाविष्ट केलेली लिनक्स आवृत्ती तयार झाली आणि मोठ्या प्रमाणावर शिक्षकांनाच प्रशिक्षण देण्यात आले. प्रत्येक शाळेला स्वतंत्रपणे धडपडावे लागले नाही, हे त्यातील मर्म होय.

आपल्या तालुक्यातही हे अशक्य नाही. सर्व शाळांनी एकच आवृत्ती स्वीकारावी. अवलंबित भागांसह संपूर्ण संग्रह एका हार्ड डिस्कवर तालुक्याच्या ठिकाणी ठेवावा. खरेदीपूर्वी प्रिंटर लिनक्सवर चालवून पाहावा. प्रत्येक केंद्रात निदान एक शिक्षक या कामात तयार करावा आणि त्यासाठी त्यास वेळ व प्रवासखर्च मिळावा.

प्रणाली मोफत मिळते; ती शिकविणाऱ्याचे श्रम मात्र मोफत गृहीत धरता येत नाहीत. पाटणच्या दात्यांनी हे आठशे वर्षांपूर्वीच ओळखले होते.