उंदराला निदान वजनकाटा आहे

(शिरपूर इथल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत गोण्या उचलतो आणि उरलेल्या वेळात कविता लिहितो. विषारी रसायनांवर बोलायचा याला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. अधिकार एवढाच की ती रोज माझ्या नाकातोंडात जातात.

31 ऑगस्ट 2019. शनिवार सकाळ. तुमच्या तालुक्यात वाघाडीजवळ केमिकलचा कारखाना फुटला. किमान 13 माणसं गेली. सगळ्या देशाने टीव्हीवर शिरपूरचं नाव ऐकलं. मंत्री आले, मदत जाहीर झाली. मला आज बोलायचंय ते ज्या दिवशी काहीच फुटत नाही त्या दिवसाबद्दल. पाळी भरते, ड्रम धुतले जातात, माणूस खोकत घरी येतो, भाकर खातो, झोपतो. बाई विचारते काय झालं, तर तो म्हणतो, ‘हाई रोजनंच शे.’ या ‘रोजनं’ची बातमी होत नाही. पण याच ‘रोज’चं एक शास्त्र आहे.

एखादं रसायन एकदाच पोटात गेलं तर काय होतं, ही एक तपासणी. तेच थोडं थोडं रोज गेलं तर काय होतं, ही दुसरी. या दुसरीची एक नियमावली ओईसीडी नावाच्या देशांच्या संघटनेने 1981 साली काढली. नंबर 407. उंदरांचे गट करायचे, एका गटात निदान 5 नर, 5 माद्या. तीन गटांना कमी, मधला आणि जास्त असा डोस. चौथ्या गटाला काहीच नाही, तो तुलनेसाठी. हे रोज, 28 दिवस. रोज बघायचं, उंदीर सुस्त आहे का, थरथरतो का. आठवड्याला वजन. खाणं किती खाल्लं त्याची नोंद. शेवटी रक्त तपासायचं, चिरून काळीज, मूत्रपिंड, मेंदू तोलायचा. ज्या डोसाला काही इजा दिसली नाही तो घ्यायचा, त्याला साधारण 100 ने भागायचं. 10 ने, कारण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. आणखी 10 ने, कारण सगळी माणसं सारखी नसतात.

मला हे कळलं तेव्हा, खरं सांगतो, उंदराचा हेवा वाटला. त्याला वजनकाटा आहे. त्याच्या नावाने वही आहे. त्याला काय पाजलं ते कुणीतरी लिहून ठेवलंय. तो तरणा, धडधाकट, पोटभर खाल्लेला असतो आणि त्याला एका वेळी एकच विष देतात.

आणि आपण? एका बोटीवर माझ्या टोळीने चार दिवस गोण्या उतरवल्या. गोणीवरचं नाव घासून गेलेलं. पूड घामात मिसळून मानेला चिकटायची. दुसऱ्या दिवशी माझ्या नाकातून रक्त आलं. मुकादमाने गुळाचा खडा दिला. ‘खा, धूळ उतरते.’ मी खाल्ला. गोणीत काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. मग माझ्या अंगात किती गेलं, कुठल्या वहीत बघू? आणि रिकामे झालेले ड्रम आपल्याच वस्तीत पाणी भरायला येतात. म्हणजे पाळी संपली तरी डोस चालूच.

माणसांवर प्रयोग होत नाहीत, असं म्हणतात. होतात, फक्त परवानगी विचारत नाहीत. बेंझीनने हाडातला मगज सडतो आणि रक्ताचा कॅन्सर होतो, हे इस्तंबूलच्या जोडे शिवणाऱ्या कामगारांच्या अंगावरून जगाला पुन्हा एकदा कळलं. 1974 साली ते छापून आलं. त्यांच्या चिकटद्रव्यात बेंझीन होतं. जोडे शिवणारे हात कुणाचे असतात, ते इथे सांगायला नको.

आता मुद्द्याची गोष्ट. कारखान्याच्या हवेत अमुक रसायन अमुक इतकंच असावं, अशा मर्यादा असतात. भोपाळनंतर 1987 साली आपल्या कारखाने कायद्यातही त्या घातल्या गेल्या. त्या मोजल्या 8 तासांच्या पाळीवर. कारण उरलेल्या 16 तासांत शरीर आत गेलेलं विष थोडंफार बाहेर टाकतं. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी आणलेल्या दुरुस्तीने 1946 साली कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला. आपण त्याला विश्रांती म्हणतो. पण ते सुटलेले तास म्हणजे काळजाला आणि मूत्रपिंडाला मिळालेली धुण्याची वेळ.

आणि सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली. सांगतात, आठवड्याचे 48 कायम आहेत, तोटा काय? हिशेब करा. पाळी 8 ची 12 झाली म्हणजे विष दीडपट आत. धुण्याची वेळ 16 ची 12 झाली म्हणजे पाऊण. ब्रीफ आणि स्काला या दोघा अमेरिकन तज्ज्ञांनी 1975 सालीच हे गणित मांडलं. 12 तासांची पाळी असेल तर हवेतली मर्यादा निम्मी करा. तास वाढवायची घाई दिसली. मर्यादा निम्मी करा, असं बोलणारा मला तरी कुणी भेटला नाही.

म्हणून शिरपूरच्या पोरांना माझं एक मागणं आहे. मोर्चा काढाल तेव्हा मी येईनच. त्याआधी 40 पानी वही घ्या. 28 दिवस लिहा. तारीख. किती तास. ड्रमवर काय नाव होतं. नाव नसेल तर ‘नाव नव्हतं’ असं लिहा. डोकं दुखलं का, हात थरथरले का, लघवीचा रंग काय. आठवड्याला वजन, किराणा दुकानाच्या काट्यावर का होईना. ज्याला लिहिता येत नाही, त्या पावरा, भिल्ल भावाचं तुम्ही लिहा. आणि तुलनेसाठी चौथा गट लागतो ना? तो शोधायची गरज नाही. तो ऑफिसात पंख्याखाली बसलाय. त्याचंही वजन विचारा.

28 दिवसांनी सगळ्या वह्या एका टेबलावर ठेवू. मग डॉक्टरला बोलवू, फॅक्टरी इन्स्पेक्टरला बोलवू. उंदराला वही मिळते ती प्रयोगशाळेकडून. आपली आपल्यालाच लिहावी लागेल.

वही आजच घ्या.