खाणीच्या खड्ड्याचे काय करायचे?



तुमच्या गावाबाहेर मुरमाची खाण आहे. गावचा रस्ता झाला, तेव्हा तिथला मुरूम काढला. रस्ता चांगला झाला. पण खड्डा तसाच राहिला. पावसाळ्यात त्यात पाणी साठते. म्हशी डुंबतात, पोरे पोहायला जातात. काठ भिंतीसारखा सरळ आहे. आत पडलेल्या पोराने वर यावे कसे? येताना मी तो काठ बघितला आणि पोटात धस्स झाले.

तुमच्यापैकी काही जण म्हणतात, "खड्डा बुजवा आणि घरांना प्लॉट पाडा." काही म्हणतात, "लोक कचरा टाकताहेतच. भरंल आपोआप." आज त्यावरच बोलू.

आधी हिशेब करू. मुरूम आपण ब्रासवर मोजतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. खाण एक एकराची धरा, म्हणजे 43,560 चौरस फूट. खोली 10 फूट धरा. किती झाले? 4,356 ब्रास! ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास माती मावते. रोज 10 खेपा केल्या, तरी सव्वा वर्ष लागेल. आणि एवढी माती आणायची कुठून? दुसरीकडे खणून? मग हा खड्डा बुजला आणि तिकडे नवा झाला. काय मिळवले?

म्हणून आधी ठरवा, की तिथे पुढे काय हवे आहे. घरे, झाडे, की पाणी? भरायचे किती आणि कसे, ते त्यावरून ठरते.

घरांचे बघू. सैल टाकलेला भराव पुढे कित्येक वर्षे खाली बसत राहतो. एका बाजूला जास्त बसतो, दुसऱ्या बाजूला कमी. मग भिंतीला चीर जाते. घर बांधायचे तर वीतभर जाडीचा थर टाकायचा, पाणी मारायचे, वरून रोलर फिरवायचा. तो घट्ट झाला, की मगच दुसरा थर. एवढे करूनही इंजिनियरला जागा दाखवावीच लागते. तो म्हणाला, की पाया खालच्या कठीण जमिनीपर्यंत न्या, तर 10 फूट पाया आपल्याला परवडेल का?

कचऱ्यावर तर घर नकोच. कचरा आत कुजतो, पोकळी होते, पेट घेणारा वायू तयार होतो. शिवाय मुरमातून पाणी भराभर खाली जाते. कचऱ्याचे घाण पाणी उद्या कुणाच्या विहिरीत उतरेल, सांगता येत नाही. कचरा टाकणे आजच बंद करा. माझे मत विचाराल, तर घरांसाठी दुसरी पक्की जागा शोधा. इथे झाडे लावा.

"मुरमात झाडं येत्यात व्हय?" असे मघाशी कुणी तरी विचारले. एक खरी हकिकत सांगतो.

आफ्रिकेत केनिया देश आहे. तिथे मोंबासा शहराजवळ बांबुरी नावाच्या ठिकाणी सिमेंटसाठी चुनखडीची मोठी खाण खणली होती. मागे उघडा दगड उरला. गवताची काडी नाही. 1971 साली रेने हॅलर नावाच्या गृहस्थांनी तिथे झाडे लावून बघितली. पुष्कळशी मेली. सुरूची झाडे मात्र तगली. हो, आपल्या कोकणात समुद्रकाठी असतात, तीच जात. पण सुरूचा पाला कुजेना. मग हॅलरांनी पैसा किडे आणून सोडले. आपल्याकडे काही ठिकाणी त्याला वाणी म्हणतात. किड्यांनी पाला खाल्ला. त्याचे खत झाले, खताची माती झाली. आज तिथे जंगल आहे आणि लोक ते बघायला येतात.

आपल्याला तर दगडावर माती करायची नाही. आपले काम सोपे आहे. आधी सरळ काठ कापून माती तळाकडे ढकला. एक हात उंचीला तीन हात उतार ठेवा. म्हणजे पडलेले पोर चालत वर येईल. शेजाऱ्याचा बांध मात्र सांभाळा, नाही तर झाडाआधी भांडण उगवेल! उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढता, त्यातला थोडा उतारावर पसरा. पहिल्या पावसात ताग पेरा आणि फुलावर आला, की तिथेच गाडा. पुढच्या वर्षी करंज आणि सीताफळ लावा. सीताफळाला मुरमाड जमीन मानवते. मधला खोलगट भाग राहू द्या. तिथे पाणी मुरेल. त्याला कुंपण हवे.

एक आजी विचारतात, "माझ्या हयातीत काय दिसंल का?"

आजी, सीताफळ तीन-चार वर्षांत फळ धरते. पहिली पाटी तुमच्या घरी.

अजून एक राहिले. उद्या पुन्हा कुणी मुरूम काढायला आला, तर तहसीलदारांची परवानगी बघा. वरची काळी माती वेगळी ढीग करून ठेवायला लावा. ती मुरमाबरोबर गेली, तर पुन्हा मिळायची नाही. काठ उतरता करून देणार का, हेही कामाआधी ग्रामसभेतच विचारा. काम संपल्यावर कोण ऐकतो?

आता ऊन उतरले आहे. मी टेप आणली आहे. दोघे-तिघे माझ्याबरोबर चला. खाण खरेच एक एकराची आहे का, मोजून बघू.