शिक्का आणि विश्वास

चोरखमाऱ्याच्या तलावाची पाळ कितीही भक्कम दिसली, तरी पाण्याचा गुण पाणी तपासूनच कळतो. निरोगी इमारतींसाठी २०१४ साली निघालेल्या ‘वेल’ मानकात हवा, पाणी, उजेड प्रत्यक्ष जागेवर मोजतात. डिसेंबर २०२३ मधील ‘आयएसओ ४२००१’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मानक मात्र संस्थेचा कारभार तपासते : धोके कोण पाहतो, जबाबदार कोण. यंत्राचे प्रत्येक उत्तर बरोबर असेल, अशी हमी ते देत नाही. दोन्ही मानके ऐच्छिक. दोन्ही शिक्क्यांची मुदत तीन वर्षांची. तेव्हा उद्या यंत्राने कोणाचा कर्जाचा अर्ज नाकारला, तर शिक्का पाहून गप्प बसू नये. कारण विचारावे, माणसाकडून फेरतपासणी मागावी, असे आम्हांस वाटते.