दहशतवादाशी लढा : लष्कराने की कायद्याने?



दहशतवाद्यांनी रक्तपात केला की जनतेत क्षोभ उसळतो आणि 'लष्कर पाठवा' अशी मागणी होऊ लागते. हा क्षोभ स्वाभाविक आहे. परंतु उघड लष्करी बळ हा शहाणपणाचा उपाय आहे काय, याचा निर्णय क्षोभावरून नव्हे, पुराव्यावरून व्हावयास हवा. त्यासाठी दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाची साक्ष मी आपणापुढे ठेवीत आहे.

'सेंदेरो लुमिनोसो', म्हणजे 'प्रकाशमान मार्ग', या संघटनेने मे १९८० मध्ये चुस्ची गावी मतपेट्या जाळून सशस्त्र लढ्यास आरंभ केला. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक अबिमाएल गुझमान हा तिचा पुढारी. गरिबांच्या राज्याची भाषा बोलणाऱ्या या संघटनेने गरिबांचीच कत्तल केली. एप्रिल १९८३ मध्ये लुकानामार्का परिसरात तिने ६९ ग्रामस्थ मारले. त्यांत लहान मुलेही होती. अशा संघटनेस क्षमा नाही.

१९८२ च्या अखेरीस सरकारने आयाकुचो प्रदेश लष्कराच्या हवाली केला. सैनिक शत्रूस गणवेशावरून ओळखतो. दहशतवाद्यास गणवेश नसतो. मग त्यास ओळखावयाचे कशावरून? भाषेवरून, वेषावरून, गावावरून! केचुआ भाषा बोलणारा डोंगरातील गरीब शेतकरी जन्मानेच संशयित ठरला. ऑगस्ट १९८५ मध्ये आक्कोमार्का येथे लष्करी तुकडीने साठाहून अधिक निःशस्त्र ग्रामस्थ ठार केले. याने दहशतवाद आटोपला काय? मुळीच नाही. १९८३ आणि १९८४ ही वर्षे आयाकुचोत सर्वांत रक्तरंजित ठरली, आणि पुढे हिंसेचे लोण राजधानी लीमापर्यंत पोहोचले.

सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये मृत व बेपत्ता यांची संख्या सुमारे ६९ हजार असल्याचा अंदाज दिला. नोंदलेल्या मृत्यूंपैकी ५४ टक्क्यांचा दोष सेंदेरोवर येतो. परंतु शासकीय दलांचा वाटाही लहान नव्हता. बळी पडलेल्यांत दर चारांपैकी तिघे केचुआ वा अन्य मूळनिवासी भाषा बोलणारे होते. ज्यांस समाजाने आधीच माणूस मानले नव्हते, त्यांच्या मरणाची दाद राजधानीने वर्षानुवर्षे घेतली नाही. वाचकहो, आपणांस याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

मग गुझमान सापडला कसा? १९९० मध्ये पोलिसांचे एक लहान गुप्तवार्ता पथक स्थापन झाले. त्याने संशयितांवर महिनोन्‌महिने पाळत ठेवली, घराबाहेर टाकलेला केरकचरा तपासला, कागद जुळविले. १२ सप्टेंबर १९९२ रोजी लीमातील एका नृत्यशाळेच्या वरच्या मजल्यावर त्याने गुझमानला पकडले. एकाचाही जीव गेला नाही. त्यानंतर संघटना झपाट्याने खचली.

कोणी म्हणेल, खेड्यांचे रक्षण शस्त्रावाचून होत नाही. हे म्हणणे रास्त आहे. पुढे लष्कराने शेतकऱ्यांच्या ग्रामरक्षक दलांना साथ दिली, तेव्हा सेंदेरोस डोंगरांतून मागे हटावे लागले. पण यातून सिद्ध होते ते हेच की, जनतेच्या रक्षणासाठी धरलेले शस्त्र उपयोगी पडते. जनतेवर रोखलेले शस्त्र शत्रूस बळ देते.

न्यायदानाचा धडाही तसाच आहे. गुझमानला प्रथम लष्करी न्यायालयाच्या चेहरे झाकलेल्या न्यायाधीशांनी शिक्षा दिली. २००३ मध्ये घटना न्यायालयाने त्या कायद्यातील तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि खटला नव्याने चालवावा लागला. २००६ मध्ये नागरी न्यायालयाने उघड सुनावणीनंतर त्यास जन्मठेप दिली. तो २०२१ मध्ये तुरुंगातच मेला. कायद्याचा मार्ग दुबळा असतो, असे कोण म्हणेल?

गुन्हेगार शोधणे कठीण, वस्ती भाजून काढणे सोपे. सोपा मार्ग धरणारे शासन दहशतवाद्याचेच म्हणणे खरे करून दाखविते. म्हणून लष्कराची मागणी कानी पडेल तेव्हा एकच प्रश्न विचारा : ही बंदूक नेमकी कोणावर रोखली जाणार आहे, आणि तिचा जाब कोणत्या न्यायासनापुढे द्यावा लागणार आहे? याचे उत्तर मिळाल्यावाचून संमती देऊ नका.